माहेरची साडी ते बाईपण



मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली आणि गप्पा सिनेमावर आल्या. आम्ही सहज विचारलं, "कोणता पिच्चर बघून सगळ्यात जास्त रडलात?" चाळिशीपुढच्या सगळ्याजणी एकदम म्हणाल्या, "माहेरची साडी!"

विजय कोंडके यांचा हा सिनेमा १९९१ सालचा. सवाष्ण गेली की शेवटची साडी माहेरची नेसवतात. त्यामुळे नुसत्या नावानंच आपल्या पोटात कालवतं. अलका कुबल यांनी रंगवलेली सून बापाच्या मायेला पारखी असते, सासरी छळ सोसते. बायका पदर डोळ्याला लावून बसायच्या.

बैठकीत एकीची कॉलेजात जाणारी लेक होती. ती म्हणाली, "पण ती घर सोडून का नाही गेली?" एक मावशी बोलल्या, "कुठं जायची बाई? हातात पैसा नाही, बँकेचं पुस्तक नाही, माहेरचं दार बंद." सगळ्या गप्प झाल्या.

खरं तर सोसते तीच चांगली, असं आपणच म्हणत होतो. म्हणून तशी सून पडद्यावर आली. आणि तिच्याकडे बोट दाखवून आपण पुन्हा आपल्या सुनांना सांगितलं, "बघ, अशी राहा!"

मग २०१६ मध्ये नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला. पाटलाची आर्ची ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, दुसऱ्या जातीच्या परशावर जीव लावते. गाण्यांवर आपल्या पोरी वरातीत नाचल्या. पण शेवटी भाऊ माहेरच्या वस्तू घेऊन बहिणीच्या दारात येतो आणि दोघांचा जीव जातो. तेव्हा काहीजणी म्हणाल्या, "म्हणूनच पोरींना फार शिकवू नये." आम्ही विचारलं, "मारलं कुणी? आर्चीनं, की तिच्या माणसांनी?" त्यावर कुणी बोललं नाही. मैत्रिणींनो, त्या सिनेमावरून कुणी मुलीचं कॉलेज बंद करत असेल, तर तिला हाच प्रश्न विचारा.

२०२३ मध्ये बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं. त्याच वर्षी 'बाईपण भारी देवा' लागला. आम्ही बारा-तेराजणी एसटीनं संभाजीनगरला गेलो आणि स्वतःच्या पैशानं तिकीट काढलं. केदार शिंदे यांच्या या सिनेमात सहा बहिणी आहेत. कुणाचं घरात पटत नाही, कुणी मन मारून जगते. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी त्या एकत्र येतात, भांडतात, पुन्हा जवळ येतात. आम्ही रडलो, पण जास्त हसलो. बायका घोळक्यानं येऊन तिकीट काढतात हे दिसलं, की सिनेमा काढणाराही त्यांच्या मनाचा विचार करतो.

तरी त्या बहिणी शहरातल्या. पहाटे भाकरी बांधून कापूस वेचायला जाणारी बाई त्यात नव्हती. ती यावी, असं आपल्याला वाटायला हवं.

तर या महिन्यात एवढं करा. टीव्हीवर किंवा मोबाईलवर कोणताही पिच्चर लेकीला, सुनेला सोबत घेऊन बघा. संपल्यावर विचारा, "यातली चांगली बाई कोणती? आणि तिला चांगली का म्हटलं?" त्यांचं उत्तर आधी ऐका, मग आपलं सांगा. पुढच्या बैठकीत त्यावर बोलू.