मधल्या सुट्टीतला डबा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मघाशी पंगतीत सगळ्यांना मधल्या सुट्टीतले डबे आठवले. ज्वारीची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि दप्तरात सांडलेलं लोणच्याचं तेल. मला मात्र आपल्या वर्गातला एक मुलगा आठवला. तो रोज भाकरी आणि गूळच आणायचा, भिंतीकडे तोंड करून खायचा. आपण त्याला 'गूळभाकऱ्या' म्हणायचो. एकदा गंमत म्हणून मी त्याच्या भाकरीवर आमटी ओतली. तो दिवसभर उपाशी राहिला आणि रडत राहिला. त्याला नेमकं काय होत असेल, हे मला आजही सांगता येणार नाही. पण तो दिवस मला माझ्या मुलामुळे पुन्हा आठवला.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता आहे. चार वर्षांचा असताना तो मोजून पाच गोष्टी घ्यायचा : दहीभात, केळं, दूध, एकाच प्रकारचं बिस्कीट आणि डाग न पडलेली पोळी. 'लाडावलाय, दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप खाईल,' असं सगळे सांगायचे. पण अशी काही मुलं खरोखरच उपाशी राहतात, खात नाहीत.

हा हट्ट नसतो. यांतल्या अनेक मुलांना चव, वास आणि स्पर्श आपल्यापेक्षा फार तीव्र जाणवतात. बिस्कीट रोज सारखंच लागतं. भेंडी मात्र आज कुरकुरीत, उद्या बुळबुळीत. म्हणून बिस्कीट भरवशाचं वाटतं.

मी पहिली चूक केली ती हीच. पालक वाटून कणकेत लपवला. त्याने ते ओळखलं आणि चार महिने पोळीच सोडली. पाचातलं एक गेलं आणि माझ्यावरचा विश्वासही.

मग आधी डॉक्टरांकडे गेलो. बद्धकोष्ठता, दातांचं दुखणं, रक्तातलं लोह हे तपासावंच लागतं. फळं-भाज्या पूर्ण बंद असतील तर आजही मुलांना स्कर्व्ही झाल्याची उदाहरणं आहेत. त्यानंतर थेरपिस्टच्या मदतीने आम्ही ऑफिसातला नियम घरी आणला : एका वेळी एकच बदल. ताटात त्याचा ओळखीचा पदार्थ कायम. नवा पदार्थ वेगळ्या वाटीत, वाटाण्याएवढाच. नुसतं पाहिलं तरी शाबासकी, मग हात लावणं, वास घेणं, जिभेला लावणं. दहीभातात मुगाच्या डाळीचे चार दाणे घातले, तेही त्याच्या डोळ्यांदेखत. जेवणाची वेळ आणि जागा ठरलेली. 'एवढं खा, मग बिस्कीट देते,' हे बंद. काही आठवडे तो आजीबरोबर नुसते मटार सोलायचा. एक दिवस एक दाणा तोंडात टाकला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

एक सावधगिरी. गहू आणि दूध बंद केलं की ऑटिझम बरा होतो, असं सांगणारे भेटतात. त्याला भक्कम पुरावा नाही. पाचच गोष्टी घेणाऱ्या मुलाच्या दोन गोष्टी स्वतःच्या मनाने काढू नका. शंका असेल तर अंगणवाडीत किंवा शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना विचारा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. पण मधल्या सुट्टीत मुलाशेजारी कोण बसेल, हे कायदा ठरवू शकत नाही. ते आपणच ठरवतो. सर आणि बाई, तुमच्या ओळखीच्या नव्या शिक्षकांना एवढंच सांगा : 'डबा संपव' म्हणून सर्वांसमोर उभं करू नका. आणि मित्रांनो, लग्नाच्या पंगतीत एखादं मूल नुसता भात खात असेल तर त्याच्या आईला सल्ला देऊ नका. तिला निवांत जेवू द्या.

आज माझा मुलगा चौदा पदार्थ खातो. भाकरी अजून नाही, पण आजीशेजारी बसून पीठ थापतो.

आपला तो वर्गमित्र आज इथे आलेला नाही. कुणाची गाठ पडली तर सांगा, मला त्याची माफी मागायची आहे. आणि त्याची हरकत नसेल तर त्याच्या शेजारी बसून गूळभाकरी खायची आहे.