एका पातेल्यातली न्याहारी

(रौप्यमहोत्सवी वर्षात महिला मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मला विषय दिलाय किनव्याची गोड न्याहारी. लगेच नाक मुरडू नका. आधी कबुली देते, पहिल्यांदा केली तेव्हा माझी साफ फसली होती.

दोन वर्षांपूर्वी ह्यांना मधुमेह निघाला आणि आमच्या घरात रोज चार न्याहाऱ्या सुरू झाल्या. ह्यांचं पथ्याचं, सासूबाईंना मऊ, लेकीला पाकिटातलं कुरकुरीत काहीतरी आणि माझं उरलंसुरलं, तेही ओट्याशी उभ्यानं. एकदा हे म्हणाले, "पथ्याचं काही वाटत नाही गं, पण एकट्यानं खायचा कंटाळा येतो." ते मनाला लागलं. सगळ्यांना चालेल असं काहीतरी करावं म्हणून किनव्याचं पाकीट आणलं आणि थेट दुधात शिजवलं. कडू! सासूबाई घास गिळून म्हणाल्या, "औषध म्हणून ठीक आहे."

चूक माझी होती. किनव्याच्या दाण्यावर सॅपोनिनचा कडवट थर असतो. पाखरांनी बी खाऊ नये म्हणून झाडानं केलेली ती सोय. बारीक गाळणीत घेऊन पाण्यात चोळा, रिठ्यासारखा फेस येतो. फेस थांबेपर्यंत तीन-चार पाण्यांनी धुवायचं. 'धुतलेला' असं पाकिटावर लिहिलं असलं तरी एकदा धुवाच.

हा पाहुणा आला दक्षिण अमेरिकेतून. पेरू आणि बोलिव्हियाच्या डोंगराळ भागात लोक तो हजारो वर्षं पिकवताहेत. संयुक्त राष्ट्रांनी 2013 हे वर्ष किनव्याचं म्हणून साजरं केलं, तेव्हापासून त्याचं नाव जगभर जास्तच झालं. पण पेरूच्या लिमा शहरात सकाळी हातगाड्यांवर सफरचंद, दालचिनी, लवंग घातलेला गोड, गरम किनवा पेल्यातून मिळतो. म्हणजे गोड न्याहारी हे काही आपलं खूळ नाही. आणि गंमत म्हणजे आपल्या ताकातल्या भाजीचा चाकवत हा त्याचा सख्खा चुलतभाऊ. राजगिराही त्याच कुळातला. तेव्हा अगदीच परका म्हणू नका.

आता कृती, चौघांसाठी. एक वाटी धुतलेला किनवा, अडीच वाट्या पाणी, साल काढून चिरलेलं एक सफरचंद, दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा, चिमूटभर मीठ. उकळी आली की झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं. दाणा पारदर्शक दिसू लागला आणि त्याची पांढरी शेपटी सुटली की शिजला. मग दोन वाट्या गरम दूध घालून पाच मिनिटं ठेवा. शेवटी वेलची. थंड झाल्यावर घट्ट होतं, तेव्हा थोडं दूध हाताशी असू द्या.

आणि मुख्य गोष्ट, पातेल्यात गूळ-साखर अजिबात घालायची नाही. गोड ज्याचं त्यानं आपापल्या वाटीत घ्यायचं. लेक गूळ आणि केळं घेते. तिला सांगून ठेवलंय, गूळ उकळत्या दुधात पडला तर दूध फाटतं, म्हणून जरा निवल्यावर घाल. सासूबाई भिजवलेला खजूर कुस्करून घेतात. ह्यांच्या वाटीत फक्त अक्रोड. सफरचंदाची गोडी त्यांना पुरते.

इथं एक सांगायलाच हवं. शंभर ग्रॅम कोरड्या किनव्यात साधारण 14 ग्रॅम प्रथिनं असतात, पण पिष्टमय पदार्थही 60 ग्रॅमच्या वर असतात. म्हणजे मधुमेहाचं हे औषध नव्हे. ह्यांना एकच छोटी वाटी, तीही डॉक्टरांना विचारून. दूध आणि सफरचंदही त्या हिशेबात धरायचं.

किनवा महाग वाटतो? मग दलिया तुपावर भाजून, पाणी थोडं वाढवून हेच करा. माझा आग्रह किनव्याचा नाहीच. एका पातेल्यातलं चौघांनी मिळून खावं, एवढाच आहे. आता रविवारी आम्ही चौघंही टेबलाशी बसतो, मीसुद्धा. आणि सासूबाई दुसऱ्यांदा वाढून घेतात. औषध कुणी दुसऱ्यांदा मागतं का?

पातेलं मागच्या टेबलावर आहे. गुळाची वाटी शेजारी, वेगळी ठेवलीय.