एकदा विचारून भागत नाही



दूरदूरच्या गावांतून परिषदेला आलेल्या तुम्हा सगळ्यांचं तेरणाकाठी स्वागत करते. पाहुण्याला आधी पाणी द्यायची आपली रीत. पण आमच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, म्हणून घेतलेला तांब्या संपवा एवढीच विनंती. भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीला मात्र तसली अट नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हादरली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात ज्या घरानं गारवा दिला, तेच अंगावर आलं.

पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी उठून गेली. आम्हाला कुणी विचारलंच नाही, असं आम्ही भाषणांतून नेहमी म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. विचारलं होतं, पण चिता विझायच्या आत. तेव्हा आम्ही काय सांगणार? दगड नको, माळवद नको, ही जागाच नको. तसंच झालं. सरळ रस्ते, मोठमोठे चौक, एका ओळीत घरं. जमिनीच्या मानानं कुणाला अडीचशे चौरस फूट, कुणाला चारशे, कुणाला साडेसातशे. राहायला गेल्यावर कळलं, गोठा कुठंय? धान्याचं बळद कुठंय? शेत लांब पडलं, शेजार तुटला. मग पक्क्या घराला टेकून पत्र्याची शेड उभी राहिली आणि बैल, चूल, म्हातारी माणसं तिच्यात आली. वर्षभरानं कुणी पुन्हा विचारायला आलं असतं, तर नकाशा बदलला असता असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. जी गावं हलली नाहीत, तिथली सुमारे दोन लाख घरं दुरुस्त आणि भक्कम करायची होती. तिथं पैसे हप्त्यांनी घरमालकाच्या हाती आले. गवंडी त्यानं ठरवायचा, माल त्यानं आणायचा. गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. मी त्यांतलीच एक. दगडी भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन थर असतात, ते सुटतात म्हणून भिंत ढासळते. तेव्हा आरपार भोक पाडून सळई टाकायची, काँक्रीट भरायचं, माळवदावरची माती कमी करायची. हे आम्ही शिकलो आणि ओसरीवर बसून शिकवलं. पाणी किती दिवस मारलं, असं बाईनं विचारलं की गवंडी हसायचे. पुढे हसणं थांबलं, कारण हप्ता कुठं अडकलाय हेही तीच शोधून काढायची. कच्छमध्ये २००१ साली भूकंप झाला, तेव्हा आमच्याकडच्या बायका तिथल्या बायकांना धीर द्यायला आणि हे शिकवायला गेल्या. मदत घेणारे हात देणारे झाले, ते असे.

माळीण, तळिये, इर्शाळवाडी ही दरडीखाली गेलेल्या गावांची नावं इथं उच्चारली की सभागृह गप्प होतं. दरड आणि भूकंप वेगळे, डोंगर आणि काळी माती वेगळी. आमचा नकाशा तुम्ही उचलावा असं मी म्हणणार नाही. पण लोकसहभाग म्हणजे ग्रामसभेच्या ठरावावरच्या सह्या आणि अंगठे, ही समजूत आता तरी सोडून द्यावी. सही एका दिवसात होते. घराची गरज ऋतू बदलला, सून आली, गाय व्याली की बदलते. तिथं कुणीतरी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जावं लागतं, आणि त्यासाठी कुठल्याच अंदाजपत्रकात रक्कम नसते.

ठरावांचा मसुदा उद्या दुपारी घ्यायचा आहे. त्याआधी सकाळी सात वाजता गाड्या नव्या गावांकडे निघतील. चौकात उभं राहून फोटो काढू नका. कुठल्याही घरी जा, मागच्या शेडमध्ये बसा आणि घरातल्या बाईला विचारा, तुला पुन्हा बांधायचं झालं तर काय बदलशील? तिचं उत्तर लिहून आणा. ठराव त्यानंतर लिहू.