सुटीतील मुले आणि आपली वस्ती

(नागापूर, जि. अहिल्यानगर येथे उन्हाळी सुटीपूर्वी भरलेल्या पालक मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



परीक्षा आटोपत आल्या आहेत. मेच्या प्रारंभापासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवडे, मुले घरी असतील. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत, गावी शेत आहे, मामाचा वाडा आहे, त्यांना या सहा आठवड्यांची चिंता नाही. परंतु मनमाड रस्त्यावरचे आपले नागापूर हे औद्योगिक वसाहतीचे गाव आहे. येथे पहिल्या पाळीला वडील जातात, आई पॅकिंगच्या कामाला जाते आणि दहा बाय बाराच्या खोलीत दोन मुले व एक भ्रमणध्वनी उरतो. त्या मुलांचा मामा बीड जिल्ह्यात किंवा थेट बिहारात असतो. वर्षातून एकदा तिकडे जाणेही परवडत नाही. या मुलांच्या सुटीचे काय करायचे, एवढ्यापुरतेच मला आज बोलायचे आहे.

शहरात शिबिरे पुष्कळ निघतात. व्यक्तिमत्त्व विकास, हस्ताक्षर सुधार, वैदिक गणित, आता तर यंत्रमानव बनविण्याचेही वर्ग आहेत. त्यांत चांगली शिबिरे नाहीत असे मी म्हणणार नाही. माझ्या नातवाला मीच एकदा पाठविले होते आणि तो आनंदाने जात असे. पण दहा दिवसांच्या शिबिराचे शुल्क कंत्राटी कामगाराच्या आठवड्याच्या मजुरीहून अधिक असेल, तर त्याने कोणत्या तोंडाने चौकशी करावी? मध्यमवर्गीय घरातही दोन मुले असली की गणित बिघडते. मग आई-वडिलांना अपराधी वाटू लागते. आपण मुलासाठी काही करीत नाही, ही टोचणी लागते. ती टोचणी विकत घेणारा बाजार समोर उभाच आहे.

संघाचे काम १९२५ साली नागपुरात सुरू झाले. ते नागपूर आणि आपले नागापूर यांत एका कान्याचाच फरक, असे आम्ही विनोदाने म्हणतो. तेथे डॉक्टर हेडगेवारांनी मुलांना एकत्र केले ते मैदानावर, खेळाच्या निमित्ताने. त्यासाठी सभागृह लागले नाही की प्रवेश अर्ज लागला नाही. पुढे १९२८ पासून गुरुदक्षिणेची पद्धत आली, तीही स्वेच्छेची. किती द्यायचे ते देणाऱ्याने ठरवायचे. शाखेला शुल्क नसते हे आपण सहज बोलून जातो, पण त्यामागे केवढा विचार आहे हे मला एका मुलाने शिकविले.

काही वर्षांपूर्वी आम्ही वस्तीतील काही जणांनी सुटीत आठ दिवसांचा वर्ग घेतला. शुल्क अगदी नाममात्र, पन्नास रुपये ठेवले. शिस्त दिसावी म्हणून पांढरा सदरा आणि बूट आवश्यक केले. ज्यांना शक्य नाही त्यांना शुल्क माफ, असेही फलकावर लिहिले होते. आमच्या मते सर्व सोय झाली होती. पहिल्या दिवसापासून एक मुलगा मैदानाच्या भिंतीवर बसून खेळ पाहत असे. नऊ-दहा वर्षांचा असेल. खो-खोत कोणी बाद झाला की आमच्या पंचाआधी तो ओरडायचा, आणि बरोबर ओरडायचा. चौथ्या दिवशी मी त्याला विचारले, "तू आत का येत नाहीस?" तो म्हणाला, "माझं नाव यादीत नाय." मी म्हटले, "लिहू की." त्यावर त्याने आपल्या पायांकडे पाहिले आणि भिंतीवरून पलीकडे उडी मारली. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, त्यानंतरही नाही. मी खोल्यांमधून विचारीत फिरलो. ते कुटुंब काम संपल्याने दुसरीकडे निघून गेले होते.

शुल्क माफ करण्याची सोय होती, परंतु ती माफी मागावी लागत होती. फलक वाचून, पन्नास रुपये नाहीत असे चारचौघांत सांगून, अनवाणी पायांनी रांगेत उभे राहायचे, हे दहा वर्षांच्या मुलाकडून आम्ही अपेक्षिले. आम्ही समरसतेवर बौद्धिके देतो आणि आमच्या वर्गात मात्र आमच्याच परिचयाच्या घरांतील मुले असतात. हे मी कार्यकर्त्यांना उद्देशून बोलतो आहे, आणि त्यांत मी पहिला.

तेव्हापासून आमच्या वर्गाला शुल्क नाही, गणवेश नाही आणि यादी मुले येऊन गेल्यावर करतात. गेल्या खेपेस तीन आठवड्यांचा सारा खर्च चार हजारांच्या आत भागला. दोन खांब सुताराकडून करून घेतले, चुना, चार चेंडू, थोडी दोरी, खडू आणि प्रथमोपचाराची पेटी. दररोज एका घराने शेंगदाणे आणि गूळ द्यायचा. प्रत्येक घराचा दिवस ठरलेला, त्यामुळे कोणावर भार पडला नाही.

वेळेचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आम्ही पूर्वी साडेसातला प्रारंभ करीत असू, ती सोय आमची होती. पहिल्या पाळीला सातला हजर राहणाऱ्या आईच्या ती उपयोगाची नव्हती. आता साडेसहाला सुरुवात होते, आई मुलाला सोडून तशीच कामावर जाते. उन्हे तापण्यापूर्वी, नऊ वाजता मैदानावरचे खेळ थांबतात. त्यानंतर देवळाच्या सभामंडपात अकरापर्यंत गोष्टी, चित्रे, वाचन. पुढे दुपारी मुले घरात एकटी राहणार असतील तर कोणत्या घराचे दार उघडे आहे, हे मुलाला ठाऊक असले पाहिजे. गल्लीत अशी दोन घरे तरी ठरवावीत. घरी असलेल्या आजीबाईंपेक्षा मोठी संस्था मला ठाऊक नाही. त्या बाजरीच्या खारोड्या आणि कुरडया वाळत घालतात, मुलांना कावळे हाकायला बसवितात आणि राखणदारी करता करता मुले निम्म्या खारोड्या ओल्याच खातात. तेही शिक्षणच आहे, फक्त त्याचे प्रमाणपत्र मिळत नाही.

खेळांविषयी पालकांच्या मनात एक न्यूनगंड असतो. खो-खो, लंगडी, आट्यापाट्या हे गरिबांचे खेळ, आणि महागडी साधने लागतात ते खरे खेळ, असे वाटते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी ती जिंकली, आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. या खेळाला दोन खांब आणि चुन्याच्या रेषा लागतात. आमच्या वर्गात मुली आणि मुले दोन्ही खेळतात. गेल्या वर्षी मुलींनी मुलांना दोनदा हरविले, याची नोंद येथे बसलेल्या काही वडिलांनी घ्यावी.

पोहण्याविषयी थोडे कठोर बोलतो. दर उन्हाळ्यात मुले बुडाल्याच्या बातम्या येतात. पूर्वी विहिरीत काका-मामा पाठीला डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून पोहायला शिकवीत, तेव्हा वर दोन जाणती माणसे उभी असत. आता विहिरीबरोबर शेततळी आली आहेत. त्यांच्या उतारावर प्लास्टिकचा कागद असतो, तो ओला झाला की पाय ठरत नाही, आणि पोहता येणाऱ्यालाही काठ चढता येत नाही. मुलांना हे समजावून सांगा. मोठ्या माणसाशिवाय आणि दोराशिवाय पाण्यात उतरायचे नाही. आपल्या वर्गाच्या पहिल्या दिवशी पहिली गोष्ट हीच सांगितली जाईल.

वाचनासाठी पैसा लागतो असे नाही. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक महाजालावर विनामूल्य वाचता येतात. घरात भ्रमणध्वनी आहेच, तर त्याचा एवढा तरी सदुपयोग व्हावा. पण कागदाचे पुस्तक हातात येण्याची गोडी निराळी. प्रत्येक घराने मुलांची वाचून झालेली पुस्तके एका पेटीत द्यावीत. ती पेटी सभामंडपात उघडी राहील. पुस्तक हरवले तर हरवले.

सहलीसाठीही फार लांब जायला नको. नगरलाच रणगाड्यांचे संग्रहालय आहे. लष्कराच्या आर्मर्ड कोअरने ते १९९४ मध्ये उभे केले. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन रणगाडा तेथे मुलांना जवळून पाहता येतो. त्याच युद्धात खेमकरणजवळच्या असल उत्तर येथे असे पॅटन उद्ध्वस्त करताना हवालदार अब्दुल हमीद यांनी बलिदान केले आणि त्यांना परमवीर चक्र मिळाले. रणगाड्याजवळ उभे राहून ही हकिकत सांगितली की ती मुलांना पुन्हा सांगावी लागत नाही.

दुसरे ठिकाण जामखेड तालुक्यातील चौंडी. पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा जन्म तेथे ३१ मे १७२५ रोजी झाला. २०२५ मध्ये त्रिशताब्दी साजरी झाली, त्याआधी २०२४ साली जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले. जयंतीच्या दिवशी तेथे फार गर्दी असते, लहान मुलांना घेऊन दोन-चार दिवस आधी जावे. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे, आणि पंचाहत्तरीच्या पुढील ज्येष्ठांना विनामूल्य प्रवास आहे. म्हणजे आजी, आई आणि मुले अशी सहल काढली तर अर्ध्या खर्चात होते. पूर्ण तिकीट बाबांनाच पडते. त्यांनी पाळी बदलून यावे किंवा घरी थांबून भांडी घासावीत.

ज्यांना जवळचे आणखी हवे असेल त्यांनी नेवाशाला जावे. ज्या खांबाला टेकून माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली असे आपण मानतो, तो पैस खांब तेथे आहे. डबे घरून न्यायचे, दिवस मावळायच्या आत परत यायचे.

आता कामाचे. वर्ग चार मेपासून सुरू होईल. सकाळी मैदानावर उभे राहायला रोज दोन प्रौढ हवेत. रात्रपाळी करून आलेल्यांना हे काम देऊ नये, त्यांना झोपू द्यावे. निवृत्त मंडळी येथे बरीच दिसतात, त्यांनी आपला वार आजच सांगावा. माता-भगिनींपैकी ज्यांना भरतकाम, मातीची खेळणी, रांगोळी येते त्यांनी सभामंडपातील वेळ घ्यावी. उद्या सायंकाळी सहा वाजता देवळाच्या ओट्यावर आपण पुन्हा बसू. येताना आपापल्या गल्लीतील भाड्याच्या खोल्यांमध्ये स्वतः जाऊन यावे आणि तेथे किती मुले आहेत, त्यांच्या आईची पाळी कोणती आहे, एवढे विचारून यावे. फलक यंदा लावायचा नाही.