बिबट्या, कुत्रा आणि कपाशीवरचा मावा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आपल्या गावची बरीच पोरे आता कल्याण-डोंबिवलीला राहतात. त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो की ती विचारतात, गावाकडे रानडुकरांचा त्रास कसा आहे? आम्ही म्हणतो, आमचे राहू द्या, तुमच्याकडे तर बिबट्या जिना चढून येतो! ही चेष्टा नव्हे. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्याच्या समतानगर भागात बिबट्या पहाटे एका मॉलच्या आवारात दिसला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेला चिंचपाड्याच्या एका इमारतीत शिरला आणि त्याने काही माणसे जखमी केली. दोन्ही वेळा भूल देऊन पकडावा लागला.

कपाशी-ज्वारीच्या मेळाव्यात बिबट्या कशाला, असे तुम्हाला वाटत असेल. थोडा दम धरा.

ठाणे आणि मुंबई यांच्या मधे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. २०१५ च्या मोजणीत तेथे ३५ बिबटे आढळले. रानात चितळ, सांबर आहेत, पण कडेला आला की बिबट्याचे मोठे भक्ष्य म्हणजे भटका कुत्रा. शहर कचरा टाकते, कचऱ्यावर कुत्री पोसतात, कुत्र्यांवर बिबट्या पोसतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की हे बिबटे वर्षाला सुमारे १५०० कुत्री मारतात आणि त्यामुळे हजारभर माणसे कुत्रे चावण्यापासून वाचतात.

पण २००२ ते २००४ या काळात याच उद्यानाभोवती बिबट्यांनी माणसे मारली. ज्या आईचे लेकरू गेले तिला १५०० कुत्र्यांचा हिशेब सांगायला आमची जीभ रेटत नाही. बिबट्या उचला, ही लोकांची मागणी साहजिक होती.

उचलल्यावर काय होते ते जुन्नरला दिसले. २००१ पासून तेथल्या उसाच्या पट्ट्यातले बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. आधी वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मोहीम चालू असताना ते १७ वर गेले. जेथे नेऊन सोडले तेथेही माणसांवर हल्ले झाले. जागा मोकळी झाली, कुत्री-शेळ्या तशाच राहिल्या. मग दुसरा बिबट्या येणारच, आणि त्याला ना वाटा ठाऊक ना माणसांच्या वेळा.

आता आपल्या वावरात या. मावा, तुडतुडे, पांढरी माशी ही आपल्याकडची कुत्री. ढालकिडा, क्रायसोपा, कोळी हे आपले बिबटे. मावा दिसला की आपण पंप भरतो. औषध दोघांनाही मारते. मग नंतर वाढते कोण?

याचे उत्तर इटलीतल्या मासळीबाजाराने दिले. पहिल्या महायुद्धात ॲड्रियाटिक समुद्रातली मासेमारी कमी झाली, तेव्हा बाजारात येणाऱ्या मालात शार्कसारख्या शिकारी माशांचे प्रमाण वाढलेले दिसले. व्होल्टेरा नावाच्या गणितज्ञाने १९२६ साली त्याचे गणित मांडले. शिकारी आणि भक्ष्य दोघांनाही सारख्या प्रमाणात मारत राहिलात, तर फायदा भक्ष्याचा होतो. समुद्रात भक्ष्य वाढले तर कोळ्याचे भले. कपाशीत भक्ष्य म्हणजे मावा!

कारण साधे आहे. माव्याची पिढी आठवड्या-दहा दिवसांत उभी राहते. ढालकिड्याला अंड्यापासून मोठे व्हायला तीनेक आठवडे लागतात. शिवाय मावा मेला की उरलेला ढालकिडा उपाशी मरतो. मावा परत येतो तेव्हा त्याला खाणारे कोणी नसते. १९८० च्या दशकात आंध्रात गुंटूरकडे सिंथेटिक पायरेथ्रॉइडच्या फवारण्यांवर फवारण्या झाल्या आणि पांढऱ्या माशीने कपाशी खाल्ली. आधी ती इतकी मोठी कीड नव्हती. औषध उधारीवर आणलेले होते, ते सांगायला नको.

फवारणी कधीच नको असे आम्ही म्हणत नाही. गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की ढालकिडा तिचे काही करू शकत नाही. २०१७ साली विदर्भाने ते सोसले आहे. त्याच हंगामात यवतमाळला फवारणी करताना विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, तेही आपण विसरलेलो नाही. म्हणूनच पहिले दोन महिने, मावा-तुडतुड्यांच्या काळात, पंपाला हात घालण्याआधी मोजायचे. ज्वारीवर चिकटा पडला तरी तेच.

उद्या सकाळी सातला शिवारफेरी आहे. प्रत्येकाने वीस झाडे घ्यायची, पाने उलटी करून मावा किती आणि ढालकिडे किती ते वहीत लिहायचे. ढालकिड्याची अळी काळी, काटेरी, मगरीसारखी दिसते. तिला कीड समजून चिरडू नका. बायाबापड्यांनी जरूर यावे. खुरपताना पानाखालचे आधी त्यांनाच दिसते.