डोंगरमुक्कामाची हलकी खाट



पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबा नावाचे एक जुने देऊळ आहे. पुणेकरांना आपल्या देवांना अशी घरगुती नावे देण्याची हौसच आहे, पण हे नाव निव्वळ थट्टेचे नव्हे. पासोडी म्हणजे जाडेभरडे दुपदरी पांघरूण. या देवळाच्या आसपास पूर्वी पासोड्या विकणाऱ्यांची दुकाने होती, त्यावरून विठोबाला हे नाव पडले असे सांगतात. पांघरूण आणि विठोबा यांची जोडी मला तरी मोठी समर्पक वाटते. पंढरीच्या वाटेने चालणाऱ्या माणसापुढे दोन प्रश्न रोजचेच असतात, रात्री अंग कुठे टाकायचे आणि अंगाखाली काय घालायचे. त्यातच तिसरी अट अशी, की जे काही अंगाखाली घालायचे ते दिवसभर स्वतःच्याच पाठीवरून वाहायचे.

आज हाच प्रश्न गडकोट हिंडणाऱ्या मुलांपुढे आणि त्यांना नेणाऱ्या शिक्षकांपुढे आहे. शाळा-महाविद्यालयांच्या सहली राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई अशा ठिकाणी जातात. बाजारात आता पाठपिशवीत मावणाऱ्या घडीच्या खाटा मिळू लागल्या आहेत. त्या घ्याव्यात का, कोणी घ्याव्यात आणि घ्यायच्याच तर काय पाहून घ्याव्यात, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम, जमिनीवर निजण्यात अडचण काय ते पाहू. पहिली अडचण थंडीची. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, हरिश्चंद्रगड १४२४ मीटर आणि कळसूबाई १६४६ मीटर. साधारण हिशेब असा, की हजार मीटर वर चढले की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे पौषातल्या रात्री पुण्यात जेवढी थंडी, त्याहून पाच-सात अंशांनी अधिक थंडी गडावर धरून चालावी. माणूस वरून दोन पांघरुणे घेतो आणि खाली एक पातळ सतरंजी टाकतो. पण अंगातली ऊब वरून जेवढी जाते, तेवढीच खालूनही जाते. थंड दगडाला अंग टेकले की तो दगड रात्रभर तुमची ऊब ओढून घेत राहतो, आणि दगड काही केल्या तापत नाही. मग पहाटे मुलगा म्हणतो, "सर, पांघरूण कमी पडलं." पांघरूण कमी पडलेले नसते, अंथरूण कमी पडलेले असते.

दुसरी अडचण ओलीची. सह्याद्रीत पावसाळ्यानंतरही बरेच दिवस जमीन पाझरत असते, आणि गुहेची फरशी तर भर उन्हाळ्यातही गार लागते. तिसरी अडचण खडबडीतपणाची. ती ज्याच्या बरगडीखाली रात्रभर खडा राहिला त्याला सांगायला नको. आणि चौथी अडचण किडामुंगी, विंचू, सर्प यांची. तिच्याकडे शेवटी येऊ, कारण ती सर्वांत गंभीर आहे.

जमिनीपासून वर निजण्याची युक्ती आपल्या शेतकऱ्याला नवी नाही. सुंभाने किंवा काथ्याने विणलेली बाज घराघरांत होती आणि अजूनही पुष्कळ घरांत आहे. पिकाची राखण करणारा गडी शेतात माळा बांधून त्यावर झोपतो. मेंढपाळ मात्र रोज मुक्काम हलवतो, त्यामुळे तो बाज वाहत नाही. त्याच्या खांद्यावर घोंगडी असते. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली ही घोंगडी खाली घातली तर गादी, वर घेतली तर पांघरूण आणि डोक्यावर घेतली तर पावसातली खोळ. यातच निवडीचे सारे शास्त्र आले बघा. ज्याचा मुक्काम ठरलेला त्याला बाज, ज्याचा मुक्काम रोज बदलतो त्याला घोंगडी. नवी हलकी खाट या दोहोंच्या मध्ये बसते.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. पहिला, लष्करी पद्धतीची घडीची खाट. कॅनव्हास किंवा जाड नायलॉन आणि खाली कात्रीसारखे पाय. उंची हातभर, बसायला-निजायला उत्तम, पण वजन चार ते आठ किलो. जेथे मोटार किंवा बैलगाडी तळापर्यंत जाते, तेथे हिच्यासारखी दुसरी नाही. पाठीवर घेऊन गड चढायला मात्र ही उपयोगाची नाही. दुसरा प्रकार, खास पाठीवर नेण्यासाठी केलेली बुटकी खाट. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या बारीक नळ्या, त्या एकात एक जोडायच्या, त्यांवर कापड ताणायचे आणि खाली कमानीसारखे पाय बसवायचे. वजन सव्वा ते अडीच किलो, उंची जमिनीपासून जेमतेम वीतभर. तिसरा प्रकार झोळीचा. ती सर्वांत हलकी; पण झोळीला दोन झाडे लागतात, आणि आपले बहुतेक गडमाथे उघडे. शिवाय झोळीच्या खालून वारा वाहतो तो वेगळाच.

आता वजनाचा हिशेब करू. चढणाऱ्याने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून फार जास्त ओझे घेऊ नये, हा सोपा आणि सुरक्षित नियम आहे. साठ किलोच्या शिक्षकाला बारा किलो. त्यात पाणी तीन किलो, शिधा दीड, पांघरूण-अंथरूण दीड, कपडे दीड, तंबूचा वाटा दीड, भांडीकुंडी एक, विजेरी आणि औषधाची पेटी अर्धा किलो. बेरीज झाली साडेदहा. उरला दीड किलो. तेवढ्यात हलक्यात हलकी खाट कशीबशी बसते. आता चाळीस किलोचा विद्यार्थी घ्या. त्याची मर्यादा आठ किलो. त्याच्या पाठीवर खाट द्यायची म्हणजे त्याचे पाणी काढून घ्यायचे, आणि हा सौदा कधीही करू नये. तेव्हा मुलांसाठी खाट नाही, हे येथेच ठरून गेले. मुलांसाठी फोमची गुंडाळीची चटई पुरे. तिचे वजन चारशे ग्रॅमच्या आसपास असते, ती पाणी पीत नाही आणि दगडाची थंडी अडवते. ती नसेल तर घरची घोंगडी न्यावी. पण चांगली घोंगडी दोन किलोच्या घरात जाते, एवढे लक्षात असू द्यावे.

मग खाट घ्यावी कोणी? ज्यांची कंबर किंवा गुडघे जमिनीवरून उठताना कुरकुरतात त्यांनी. ज्यांना एकाच तळावर दोन-तीन रात्री काढायच्या आहेत त्यांनी. आणि ज्यांना कुशीवर निजल्याशिवाय झोप येत नाही आणि पातळ चटईवर खुबा दुखतो त्यांनी. बाकीच्यांनी पैसे राखून ठेवावेत. चांगल्या हलक्या खाटेची किंमत काही हजार रुपयांच्या घरात असते. तेवढ्यात शाळेच्या एका तुकडीच्या चटया येतील.

घ्यायचीच ठरली तर दुकानात काय पाहावे? पहिली गोष्ट, दुकानदाराच्या शब्दावर न जाता पिशवीसकट वजन तराजूवर करून घ्यावे. छापलेल्या वजनात पुष्कळदा पिशवी आणि जादा पाय धरलेले नसतात. दुसरी गोष्ट, ती जोडून त्यावर प्रत्यक्ष निजावे. लाजू नये. आपण धोतरजोडी घेतानाही पदर उलगडून पाहतो, मग येथे संकोच कशाला? लांबी आपल्या उंचीहून निदान वीतभर जास्त हवी. रुंदी दोन फुटांच्या खाली असेल तर हात रात्रभर बाहेर लोंबकळतात. कुशीवर वळून पाहावे. कापड इतके खाली येता कामा नये, की खुबा जमिनीला टेकेल.

तिसरी गोष्ट, भार. ती किती किलो पेलते ते लिहिलेले असते. आपले वजन त्या आकड्याच्या बरेच खाली असावे, कारण माणूस खाटेवर अलगद निजत नाही, धपकन बसतो. आणि बुटक्या खाटेच्या कडेवर कधीही बसू नये. सारा भार एका नळीवर येतो आणि ती वाकते. चौथी गोष्ट, जोडणी. ती दुकानात दिव्याखाली सोपी वाटते. घरी अंधारात, थंडीने बोटे आखडल्यासारखी करून जोडून पाहावी. ताण देताना सर्व अंगाचा जोर लागत असेल, तर ती खाट दमलेल्या माणसासाठी नाही. पाचवी गोष्ट, दुरुस्ती. एखादा पाय मोडला तर सुटा पाय मिळतो का? नळी चिरली तर वरून चढवायची बाही सोबत आहे का? बोहरी आळीत दोर, पट्ट्या, खिळेमोळे सारे मिळते, पण गडावर बोहरी आळी नसते.

खाट नेली की काम संपले असेही नाही. पुष्कळांना वाटते, जमिनीपासून वर निजलो म्हणजे थंडी टळली. येथेच फसगत होते. दगडाची थंडी टळते हे खरे, पण आता पाठीखालून वारा खेळतो आणि ताणलेल्या पातळ कापडातून तो ऊब घेऊन जातो. वर पांघरायची रजई किंवा झोपपिशवी कितीही जाड असली, तरी पाठीखाली तिचा कापूस किंवा पीस दबून जाते, आणि दबलेल्या कापसात ऊब धरणारी हवाच उरत नाही. म्हणून हिवाळ्यात खाटेवरही चटई किंवा घोंगडी घालावीच लागते. म्हणजे खाटेच्या वजनात चटईचे वजन मिळवूनच हिशेब करावा. उन्हाळ्यात मात्र हाच खालचा वारा सुखाचा. कोकणातल्या किंवा विदर्भातल्या उकाड्याच्या रात्री खाटेइतके सुख चटईत नाही.

तंबूत खाट लावायची तर पायांखाली पुठ्ठा, जुन्या कापडाची घडी किंवा सपाट दगड ठेवावा. नाहीतर बारीक पाय तंबूची जमीन फाडतात आणि भुसभुशीत मातीत रुततात. तंबूच्या उतरत्या कनातीला डोके लागत नाही ना, हेही आधी पाहावे.

आता त्या चौथ्या अडचणीकडे वळू. आपल्याकडे मण्यार नावाचा साप आहे. तो रात्री हिंडतो, घरात शिरतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला झोपेत दंश करतो. या दंशाच्या वेदना पुष्कळदा जाणवतही नाहीत, दाताची खूण शोधून सापडत नाही. पहाटे माणूस पोटदुखीने उठतो, मग पापण्या जड होतात, बोलणे अडखळते आणि शेवटी श्वास अडतो. अशा वेळी मांत्रिक नाही, चिरा देणे नाही, आवळपट्टी नाही. रोग्याला हलू न देता ताबडतोब प्रतिसर्पविष आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

वीतभर उंचीची प्रवासी खाट या सापाला अडवीत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. उलट तिच्याखालची जागा त्याला आडोशाची वाटू शकते. अडवते ती नीट खोचलेली मच्छरदाणी किंवा तळापासून शिवलेला आणि साखळी पूर्ण ओढलेला तंबू. आग्नेय नेपाळमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. मच्छरदाणीत निजणाऱ्यांना झोपेतल्या सर्पदंशापासून चांगले संरक्षण मिळते, असे त्यात दिसून आले. विंचवाचेही तसेच. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि अनेकांचे प्राण वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण दंश होऊच नये हे अधिक चांगले. बूट उलटे करून, झटकून घालावेत. काढलेले कपडे जमिनीवर टाकू नयेत. रात्री विजेरीशिवाय पाऊल टाकू नये.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींना माझे एक सांगणे आहे. सहलीच्या निमित्ताने मुलांना ही गोष्ट शिकवा, की गडावरच्या एका रात्रीपेक्षा घरातल्या तीनशे रात्रींचे निजणे महत्त्वाचे आहे. आपल्या गावात कितीतरी माणसे पावसाळ्यात धान्याच्या कणगीशेजारी, सारवलेल्या जमिनीवर निजतात. धान्याला उंदीर येतात, उंदरामागे साप येतो. सहलीला खाट नसली तर एखादी झोप बिघडेल. घरी उंच बाज आणि खोचलेली मच्छरदाणी नसली तर त्याहून मोठे काही जाऊ शकते. आपण घरात कोण जमिनीवर निजते, याची एक साधी पाहणी वर्गातली मुले करू शकतील. खर्च करण्याजोगे थोडे पैसे असतील तर ते आधी तेथे घालावेत.

जाता जाता गडाविषयी दोन शब्द. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा तमिळनाडूतला जिंजी. ज्या गडावर मुक्कामाला मनाई असेल तेथे मुक्काम करू नये, पायथ्याच्या गावात राहावे. निघण्यापूर्वी संबंधित खात्याकडे चौकशी करावी. झोळीचे दोर जुन्या खांबांना बांधू नयेत, तटात खुंट्या ठोकू नयेत आणि चूल दगडी कोरीव कामाला लागून पेटवू नये. गावात राहिलात तर कोणी तरी आपली बाज अंगणात टाकून देईल, आणि ती तुमच्या हजारांच्या खाटेहून आरामाची असेल.

एकंदरीत निर्णय सोपा आहे. गाडी तळापर्यंत जात असेल तर लष्करी खाट घ्या. गड चढायचा असेल आणि अंग तरुण असेल तर चटई घ्या. गड चढायचा आहे, अंग कुरकुरते आहे आणि ओझ्यात दीड-दोन किलोची जागा आहे, तरच हलकी खाट घ्या, आणि तिच्यावर चटई घालायला विसरू नका. तिन्ही ठिकाणी मच्छरदाणी मात्र सोडू नका.