नाव लावा, नाहीतर हात आवरा



संमेलनाच्या अध्यक्षानं मराठीच्या भवितव्याची चिंता वाहावी, सरकारला चार शब्द सुनवावेत आणि जेवणाआधी खाली बसावं, अशी रीत आहे. सरकार आज सुटलं. मला तुमच्याशीच भांडायचं आहे.

पु. ल. देशपांडे 12 जून 2000 रोजी गेले. व्हॉट्सॲप आलं 2009 मध्ये. तरी पुलं रोज सकाळी आपल्या मोबाइलवर मैत्री, म्हातारपण, बायको अशा विषयांवर ताजा मजकूर धाडतात! व. पु. काळे यांचीही तीच गत. हे पाठवणारे अडाणी नाहीत. याच सभागृहात बसले आहेत आणि त्यांच्या कपाटात पुलंची पुस्तकं आहेत. हटकलं की म्हणतात, ‘कोणाचं का असेना, विचार चांगला आहे ना?’ चांगला आहे, तर ज्यानं केला त्याचं नाव का नको? आणि पुलंच्या नावाशिवाय तो खपत नसेल, तर त्याची किंमत तुम्हालाही कळलेली आहे.

खाली पुन्हा ‘साभार : व्हॉट्सॲप’. पत्र आवडलं म्हणून पोस्टमनला लेखक ठरवण्यातला हा प्रकार.

परंपरा सांगते, सालोमालो तुकोबांचे अभंग आपल्या नावावर म्हणत. त्या चोराला निदान स्वतःच्या नावाचा मोह होता. आज आपण उलटी चोरी करतो. आपला फुसका माल थोरांच्या नावावर खपवतो. यात दोघे लुटले जातात. ज्यानं खरोखर लिहिलं तो बेनाम होतो आणि ज्यानं लिहिलंच नाही त्याच्या माथी भलतंच वाक्य बसतं. मेलेला माणूस खुलासा करायला येत नाही, एवढ्याच बळावर हा धंदा चालतो.

हे मराठी संस्कृतीत बसत नाही. एकनाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा पुढे कोणी आपली ओवी त्यात घुसडू नये असं बजावलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, ते 1966 मध्ये पुरं झालं. मूळचं काय आणि मागाहून घातलेलं काय, हे निवडायला विद्वानांच्या पिढ्या खपल्या. त्याच पुण्यात आपल्याला एक पान उलटून बघायला सवड नाही!

दुसरा गुन्हा वादातला. प्रतिपक्षाचं वाक्य मध्येच तोडायचं, ‘परंतु’च्या अलीकडचं तेवढं उचलायचं आणि त्याला झोडपायचं. आपल्या शास्त्रकारांची शिस्त वेगळी होती. आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही असा की विरोधकानं म्हणावं, होय, माझं म्हणणं हेच. मग उत्तरपक्ष. ज्याला पूर्वपक्ष मांडता येत नाही त्यानं वादात उतरू नये.

व्यासपीठावरच्यांनी हसू नये. मत पटलं नाही तरी ते मांडण्याच्या हक्कासाठी प्राण देण्याचं वाक्य व्होल्तेअरच्या नावानं आपण किती समारोपांत ऐकवलं? ते व्होल्तेअरचं नाही. एव्हलिन बिआट्रिस हॉल या लेखिकेनं 1906 च्या पुस्तकात त्याची वृत्ती सांगताना ते लिहिलं. वाक्य तिचं आणि टाळ्या त्याला.

कायद्यालाही हे कळतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 57 लेखकाला दोन हक्क देतं. कृती माझी आहे असं सांगण्याचा, आणि तिची मोडतोड करून प्रतिष्ठेला बाध आणला तर दाद मागण्याचा. कॉपीराइट विकला तरी हे हक्क त्याच्याकडेच राहतात. पण सभ्यपणा कलमं लावून शिकवायची वेळ यावी, ही साहित्यिकांची नामुष्की आहे.

म्हणून या संमेलनात मी ठराव मांडतो. अवतरण दिलं तर लेखक आणि पुस्तक सांगावं. सापडलं नाही तर ‘लेखक अज्ञात’ असं सरळ लिहावं. त्यात कमीपणा नाही. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणावं. काटछाट केली तर ती दिसू द्यावी. चूक कळली की जिथे पाठवलं तिथेच दुरुस्ती पाठवावी. पुरावा नसेल तर पुढे ढकलू नये. एक सुविचार कमी पोचला म्हणून महाराष्ट्र बुडत नाही.

ठरावाला विरोध खुशाल करा. मात्र उद्याच्या बातमीत आणि तुमच्या ग्रुपवर माझं वाक्य अर्धं तोडू नका. पूर्ण द्या, माझ्या नावानिशी द्या, आणि मग हवं तितकं झोडपा.

जय महाराष्ट्र.